बाबांच्या हातची राखीव

आमच्या घरात वस्तू खूप हरवतात. माझे मोजे हरवतात, ताईचा चार्जर हरवतो, आईचा चष्मा तर आईच्याच डोक्यावर हरवतो. पण जिना चढून वरच्या खोलीत गेलं की हरवणं बंद. तिथे हरवायला परवानगीच नाही.

वरच्या खोलीत आई पॅराशूट बांधते. पूर्वी आई आणि बाबा दोघं बांधायचे. विमानातून उडी मारणाऱ्या माणसांच्या पाठीवर एक फुगीर पिशवी असते ना, ती पिशवी, तिचे पट्टे आणि आतलं सगळं मिळून तिला आम्ही रिग म्हणतो. एका रिगमध्ये छत्र्या दोन. एक मुख्य, जी प्रत्येक उडीला उघडते. तिची घडी ज्याची त्याने घालायची, नाहीतर रविवारी मैदानावर माझ्याकडून घालून घ्यायची. (माझी घडी झकास असते. कुणालाही विचारा.) दुसरी राखीव. मुख्य छत्रीने दगा दिला तर हिच्यावर भिस्त. हिला मी हातसुद्धा लावू शकत नाही, कारण हिच्यासाठी परवाना लागतो. बांधून झाली की पिशवी बंद ठेवणाऱ्या पिनेवरून लाल दोरा ओवायचा आणि त्याच्यावर शिशाचं सील दाबायचं. सीलवर बांधणाऱ्याची खूण असते. म्हणजे पुढे काही झालं तर कुणाच्या हातची होती ते सगळ्यांना कळतं.

आणि गंमत अशी की काहीच झालं नाही तरी सहा महिन्यांनी राखीव उघडायचीच. झटकायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा बांधायची. बहुतेक राखीव छत्र्या जन्मभर अशाच उघडतात आणि मिटतात, आकाश त्यांना कधी दिसतच नाही. हे वाक्य मी शाळेत सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर बोलले होते. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा घसा खाकरायचे. पण यंदा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मला धरून उभंच केलं आणि एकदा बोलायला लागल्यावर मला थांबवायला शिपाईमामांना घंटा द्यावी लागली. तेव्हापासून मी कुणाला ऐकत नाही, असं ताईचं म्हणणं आहे. ताई मला टाचणी म्हणते. नाव बाबांनी ठेवलेलं, मी हडकुळी होते म्हणून. ती म्हणते मी टोचते म्हणून.

वरच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींना दोन लांब टेबलं आहेत, एक आईचं, एक बाबांचं. प्रत्येक टेबलाच्या वर एक फळा, फळ्यावर खिळे, खिळ्यांवर हत्यारं. कात्री, सुया, मेण लावलेला दोरा, घडी दाबायची लाकडी पट्टी, स्प्रिंग दाबून धरायची तात्पुरती पिन, आणि घड्या सुटू नयेत म्हणून लावायचे चिमटे. प्रत्येक हत्याराला लाल फीत बांधलेली, आणि प्रत्येकाच्या मागे फळ्यावर त्याच्याच आकाराची पांढरी सावली रंगवलेली. हत्यार खिळ्यावर असलं की सावली दिसत नाही. सावली दिसली की समजायचं, हत्यार बाहेर आहे. बाबांचा नियम एकच होता. एकही सावली दिसत असेल तर सील दाबायचं नाही. मग बाहेर गिऱ्हाईक ताटकळत असो, नाहीतर विमानाचा पंखा फिरायला लागलेला असो. कारण घडी घालताना लावलेला चिमटा आत विसरला, तर तो दोऱ्यांना धरून बसतो आणि छत्री उघडत नाही. आणि वर गेलेल्या माणसाकडे तिसरी छत्री नसते.

बाबा आजारी पडले, सावरले, पुन्हा पडले. शेवटच्या वेळी दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एकच राखीव बांधली. ताईची. त्यानंतर ते घरी आलेच नाहीत. आईने त्यांच्या फळ्यावर एक जुनं छत्रीचं कापड टाकून ठेवलं, आणि ताईची रिग दारामागच्या खुंटीवर अडकवली. ताईने त्या दिवसापासून उडी मारली नाही, आणि ती रिग कुणाला काढूही दिली नाही. मी एकदा झाडू मारताना ती नुसती बाजूला सरकवली तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी अर्धा कचरा तिथेच सोडून खाली आले.

माझी परीक्षा संपली त्या शनिवारी आई म्हणाली, उद्यापासून वर शिकायला बस, बाबांचं टेबल पुसून घे. मला इतका आनंद झाला की मी पायऱ्या दोन-दोन करत चढले. आणि वर गेल्यावर कळलं की आधी गिऱ्हाईक आहे.

गिऱ्हाईक म्हणजे आमचे दातकाका. ते दातांचे डॉक्टर आहेत आणि माझी दाढ त्यांनीच काढली होती, त्यामुळे माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. नुकतंच त्यांचं उड्यांचं शिक्षण पुरं झालं होतं आणि त्यांना स्वतःची रिग घ्यायची होती. त्यांनी फोनमध्ये एक फोटो आणला होता. निळी, चकचकीत, एवढीशी. आईने फोटो बघितला, छान आहे म्हणाली, आणि फोन पालथा घालून ठेवला. मग तिने त्यांना वजन विचारलं. दातकाकांनी सांगितलं. आईने त्यांना काट्यावर उभं केलं. काट्याचं म्हणणं वेगळं पडलं.

लोक रिग घ्यायला येतात ते रंगापासून सुरू करतात, मग मुख्य छत्री, मग त्यात बसेल ती राखीव. आई उलटीकडून सुरू करते. ती आधी राखीव ठरवते, मग ती मावेल अशी पिशवी, मग उरल्या जागेत मुख्य, आणि रंग सगळ्यात शेवटी. दातकाका म्हणाले, पण लहान छत्री जोरात जाते, मजा येते. आई म्हणाली, मुख्य लहान घ्या पुढे कधीतरी, मी नाही म्हणत नाही.

"पण एक सांगा. वर काहीतरी डोक्याला लागलं, शुद्ध हरपली, आणि आतल्या यंत्राने राखीव आपोआप उघडली. तुम्ही झोपेत जमिनीवर येणार. तर कुठल्या छत्रीखाली यायला आवडेल?"

दातकाकांनी पालथा फोन खिशात टाकला. मग म्हणाले, मोठ्या. आणि मग दारामागच्या खुंटीकडे बोट दाखवून हसत म्हणाले की एवढी मोठी नको हां, तो तर तंबू आहे. मैदानावर ताईच्या रिगला सगळे तंबूच म्हणतात.

ताई खिडकीत बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "बाबांनी निवडली." दातकाकांचं हसू ओठातच राहिलं. ताईने कप खाली ठेवला आणि अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की तिच्या राखीवची मुदत उद्या संपते, म्हणून उद्या सकाळच्या पहिल्या विमानात तिने नाव दिलंय. मुदत संपली की उघडावीच लागणार. त्याच्या आधी एक उडी बाबांच्या भरवशावर.

आई दातकाकांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत फीत धरून माप घेत होती. ती फीत तिने परत खांद्यावर लावली आणि तेच माप पुन्हा घेतलं. बोलणार तरी काय? मुदतीत असलेली, सीलबंद राखीव. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

दातकाका गेले, ताई मैदानावर मास्तरांना भेटायला गेली. मास्तर म्हणजे तिथले मुख्य शिक्षक. बऱ्याच महिन्यांनी उडी मारणाऱ्याला ते आधी जमिनीवर सगळं करून दाखवायला लावतात. मी बाबांच्या टेबलापाशी आले. ओलं फडकं, कोरडं फडकं. टेबलाच्या कडेला बाबांच्या कोपराने झिजलेली एक जागा आहे, ती जरा जास्तच पुसली. मग फळ्यावरचं कापड काढलं.

सगळं जागच्या जागी होतं. कात्री, सुया, पट्टी, पिन. आणि चिमट्यांच्या रांगेत शेवटच्या, सगळ्यात लहान चिमट्याच्या खिळ्यावर काहीच नव्हतं. पांढरी सावली माझ्याकडे बघत होती.

मी टेबलाखाली बघितलं. खण उपसले. कापडाच्या गठ्ठ्यांमागे हात घातला, तिथे एक मेलेलं झुरळ आणि माझं चौथीतलं खोडरबर सापडलं. आईच्या फळ्यावर बघितलं, तिथे तिचे सगळे होते. बाबांचा तो नव्हता. आणि या टेबलावर शेवटचं काय बांधलं गेलं ते मला माहीत होतं. दारामागे लटकत होतं.

मी खाली जाऊन आईला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, त्याची टोकं जुळवली. मग म्हणाली, नीट बघितलंस? मी म्हटलं, तीनदा. ती म्हणाली, मग ताई आली की तिला सांग.

मला वाटलं होतं ती धावत वर जाईल. मी म्हटलं, तूच सांग ना. ती म्हणाली, शंका तुला आलीये.

ताई आली ती हसतच आली, मास्तरांनी तिला पहिल्याच फटक्यात पास केलं होतं. आणि मी सांगितलं. मी शाळेत एवढ्या लोकांसमोर बोलले होते, पण हे चार शब्द बोलायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. बाबांचा एक चिमटा नाहीये.

तिला समजायला क्षणभर लागला. मग तिचं तोंड लाल झालं. ती म्हणाली की बाबा असं करणार नाहीत. हयातीत केलं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत आहे तर तोंड कशाला उघडतेस? आली मोठी शहाणी, कालपर्यंत नाक पुसता येत नव्हतं. एकदा टाळ्या काय मिळाल्या, आता बाबांच्या चुका काढायला निघाली. मग ती आणखी पुष्कळ बोलली, त्यातलं काही मी लिहिणार नाही, कारण नंतर तिने ते परत घेतलं.

मी रडले नाही. म्हणजे रडले, पण जागेवरून हलले नाही. मी वरच्या खोलीच्या दारात उभी होते आणि रिग माझ्या मागे होती.

"तू उद्या ती घालून वर जाणार आणि मी खाली उभी राहून मान वर करून बघणार," मी म्हटलं. "मला नाही जमणार ते. माझ्यावर आयुष्यभर चिडून राहा, चालेल. पण उघड."

ताईने आईकडे बघितलं. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी होती. ताई म्हणाली, आई, तू सांग हिला. परवाना तुझ्याकडे आहे. आई आत आली, बाबांच्या फळ्यासमोर गेली आणि त्या पांढऱ्या सावलीवर तिने बोट ठेवलं.

"सावली दिसतेय," ती म्हणाली. "शंका आली की उघडायची. कुणाला आली ते विचारायचं नाही."

वरच्या खोलीत आणखी एक रीत आहे, तीही बाबांचीच. मुदत संपून राखीव उघडायला आली की ती आम्ही उघडत नाही. ज्याची रिग त्याने ती पाठीवर चढवायची, पट्टे आवळायचे, खोलीच्या मधोमध उभं राहायचं, आणि स्वतः राखीवचं हँडल ओढायचं. म्हणजे किती जोर लागतो ते हाताला माहीत राहतं. बाबा समोर उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, माझ्याकडे बघू नका, हँडलकडे बघा. मग दोन्ही हातांनी धरा. मग ओढा. मोठमोठी माणसं त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखी उभी राहायची.

ताईने खुंटीवरून रिग काढली. पट्टे आवळले. छातीवरचा पट्टा लावताना तिचा हात चुकला, मी पुढे झाले, तिने मला नजरेनेच मागे ढकललं. मग ती मधोमध उभी राहिली. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या पायापर्यंत आलं होतं.

ती हँडलकडे बघत राहिली. दोन्ही हातांनी धरलं. आणि ओढेना.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती, पुन्हा किक, पुन्हा किक. ताईची बोटं हँडलवर पांढरी पडली. मला एकदम वाटलं की नको, राहू दे, माझी चूक झाली, तो चिमटा कुठेतरी असेल. पण मी ते बोलले नाही. मी दात आवळून उभी राहिले, आणि माझ्या दाढेच्या रिकाम्या जागेत जीभ घालत बसले.

आई म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. हँडलकडे बघ."

ताईने ओढलं.

लाल दोरा तुटला त्याचा आवाज आला, एवढासा, शिवताना दोरा दाताने तोडल्यासारखा. त्याच क्षणी पाठीवरची झाकणं फाडकन उघडली आणि राखीवला बाहेर खेचणारी स्प्रिंगची लहान छत्री उसळून दिव्याला आपटली. दिवा हेलकावत राहिला. शिशाचं सील फरशीवर गडगडत माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं. बाबांची खूण होती त्याच्यावर.

आईने आतली कापडी पिशवी दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढली, मूल उचलावं तशी, आणि बाबांच्या टेबलावर ठेवली. पिशवीत छत्री अजून घडीतच होती, त्यांनी ठेवली होती तशी. आई म्हणाली, कुणी घाई करायची नाही. मग ती एकेक घडी मागे मागे उलगडत गेली. आधी दोऱ्या सोडवल्या, मी त्या धरल्या. दोऱ्यांमध्ये चिमटा नव्हता. मग शेपटीची, म्हणजे छत्रीच्या मागच्या कडेची, घडी. नव्हता. मग पोटातल्या घड्या, डावी बाजू, उजवी बाजू, नाकाकडचा भाग. आई प्रत्येक पटीत बोटं घालून शेवटपर्यंत नेत होती. ताई दुसऱ्या बाजूने तेच करत होती. पांढरं कापड टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली ओघळलं.

"नाहीये," ताई म्हणाली.

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पण ती इतक्या हळू म्हणाली की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबांची शेवटची घडी. ती आता नव्हती. माझ्यामुळे नव्हती. टेबलावर नुसतं कापड होतं.

आई खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिची पर्स होती. तिने आतला लहान कप्पा उघडला आणि चिमटा काढून टेबलावर ठेवला. लाल फितीसकट.

मी आणि ताई दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग आई सांगायला लागली. दवाखान्यात नर्सला बोलवायची जी घंटी असते, तिची वायर सारखी पलंगावरून घसरून खाली पडायची आणि बाबांना ती उचलता यायची नाही. मग त्यांनी आईला सांगितलं की घरून चिमटा आण, लहानवाला. आईने तो खिळ्यावरून काढला, नेला, वायर चादरीला लावून टाकली. तेव्हा राखीव बांधून, सील होऊन आठवडा झाला होता. म्हणजे सील दाबलं तेव्हा फळा भरलेला होता. आईला हे पहिल्यापासून माहीत होतं.

ताईचा चेहरा बघवत नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू मला ओढायला लावलंस."

"हो."

"का?"

आई बाबांच्या खुर्चीवर बसली. आमच्याशी बोलताना ती नेहमी 'बाबा' म्हणते, अगदी ते समोर नसतानाही. त्या दिवशी ती 'तो' म्हणाली.

"त्याची बोटं बधिर झाली होती. औषधांनी. शर्टाची बटणं मी लावत होते, तुम्हाला दिसू नये म्हणून दार लावून. चमचा सुटायचा हातातून. आणि तो म्हणाला, हिची मीच बांधणार. मी या दारात उभी होते. आत येऊन बघायला हवं होतं. मी 'बघू दे' म्हटलं असतं तर त्याने मला बघू दिलं असतं, पण मग पुन्हा हात लावला नसता कशाला. मी नाही आले आत. आज सकाळी तू म्हणालीस उद्या उडी, आणि मला तुला सांगता येईना की तुझ्या बाबाच्या हातावर माझा भरवसा नव्हता. मग ही आली, चिमटा नाही म्हणत."

मी म्हटलं, म्हणजे माझं चुकलंच होतं ना? आई म्हणाली, तुझं काही चुकलं नाही, सावली दिसली, तू बोललीस. बोलायला पाहिजे तेव्हा मी बोलले नव्हते.

ताई टेबलावर वाकली होती. ती कापडावर कुठेतरी बघत होती. मग तिने मला हाताने जवळ बोलावलं, रागावल्यानंतर पहिल्यांदाच. तिने कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

राखीव छत्रीचं कापड पातळ असतं, घडीची वळी त्याच्यावर उमटते. एका घडीची एक वळी. इथे प्रत्येक घडीच्या जागी एक ठळक वळी होती, सरळ, रेघ मारल्यासारखी. आणि तिच्या आजूबाजूला फिकट फिकट कितीतरी वळ्या होत्या. जरा वाकड्या, जरा अलीकडे, जरा पलीकडे. एकावर एक, जवळजवळ. सगळ्या छत्रीभर. बाबांनी एकेक घडी घातली होती, नीट बसली नाही म्हणून मोडली होती, पुन्हा घातली होती, पुन्हा मोडली होती. बोटांना कळत नव्हतं म्हणून डोळ्यांनी बघत, सरळ येईपर्यंत. आम्ही खाली टीव्ही बघत असू तेव्हा.

ताईने त्या वळ्यांवरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"चालली असती?" तिने विचारलं.

आईने सगळं कापड पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. दोऱ्या बघितल्या, शिवणी बघितल्या. ती गिऱ्हाइकाला उत्तर देते तसं तिने उत्तर दिलं.

"चालली असती. पण हे मला आत्ता कळलं. सकाळी माहीत नव्हतं."

मग ताई रडली. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती, तेव्हा तिने सगळ्यांना फोन केले होते. आता ती त्या पांढऱ्या कापडात तोंड घालून रडायला लागली, आणि आई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, अगं, ओलं करू नकोस, वाळवायला लागेल. आम्ही तिघी हसलो. रडत हसलो, म्हणजे नाकातून आवाज येतो तसं.

आईने त्याच दुपारी ती बांधली, बाबांच्याच टेबलावर, त्यांच्याच हत्यारांनी. मी दोऱ्या ताणून धरल्या आणि आई मागेल ते हत्यार दिलं. ताईने विचारलं, या वळ्या जातील का? आई म्हणाली, लगेच नाही, पुढच्या खेपेलाही दिसतील, बहुतेक त्याच्या पुढच्यालाही. आई तिची घडी तिच्या पद्धतीने घालत होती, पण दोन-तीनदा मी बघितलं, तिने बाबांच्या ठळक वळीवर बोट टेकवून त्याच वळीवर घडी बसवली.

शेवटी गुडघा टेकून तिने स्प्रिंग दाबली, पिशवीची पिन सारली, लाल दोरा ओवला. सील दाबायची पक्कड हातात घेतली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं. मग टेबलावरचा लहान चिमटा उचलून मी खिळ्यावर अडकवला. तो सावलीवर बरोबर बसला. मी फळा डावीकडून उजवीकडे नजरेने मोजला आणि म्हटलं, भरला. आईने पक्कड दाबली.

बाबांचं जुनं सील ताईने मागितलं. मी दिलं. तिने ते कुठे ठेवलंय ते मला माहीत नाही. ही एक वस्तू आमच्या घरात हरवणार नाही.

सकाळी आम्ही तिघी मैदानावर गेलो. मास्तरांनी ताईचे पट्टे ओढून बघितले, पाठीमागचं झाकण उचलून दोरा बघितला, सीलवरची खूण बघितली, आणि आईकडे बघून मान हलवली. दातकाका पण आले होते, नवीन रिग यायला वेळ होता म्हणून शिकाऊंची भली मोठी रिग पाठीवर घेऊन. ताई त्यांना म्हणाली, काका, तंबू छान दिसतो तुम्हाला.

विमान वर गेलं. एवढंसं झालं. मी मान वर करून बघत होते. आई माझ्या शेजारी उभी होती, तिने चष्मा डोक्यावरून खाली डोळ्यांवर घेतला. एक ठिपका सुटला. पडत राहिला. पडतच राहिला. मग त्याच्यावर रंग उमलला, लाल आणि पिवळा. मुख्य छत्री. माझ्या हातची घडी.

आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही तिथे बोटं दिसत होती.

ताई गवतावर दोन पावलं धावली आणि उभी राहिली. छत्री गोळा करून खांद्यावर टाकली आणि चालत आमच्याकडे आली. जवळ आल्यावर ती वळली, आणि आईकडे पाठ करून उभी राहिली. आईने मागचं झाकण उचललं. लाल दोरा जसाच्या तसा होता. आईने त्याच्यावरून अंगठा फिरवला, आणि झाकण लावून टाकलं.